अँबॅसिडर विरुद्ध फियाट

ज्या पेठेत मोटारींचा एकही पारखी राहत नाही, तिला पेठ म्हणण्यास कोल्हापूरकर सहसा राजी होत नाहीत. हा गृहस्थ बहुधा दिवाणी न्यायालयातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेला असतो; धुतलेला सदरा आणि काळी टोपी घालून तो रोज सकाळी उद्यमनगरातील एखाद्या गॅरेजच्या बाकावर स्थानापन्न होतो, आणि तारुण्यात आपणच दाखल करून घेतलेला अँबॅसिडर विरुद्ध फियाट हा खटला तेथून पुढे चालू करतो. त्याला सारे अण्णा म्हणतात. "अण्णा, आज तारीख कुणाची?" असे विचारल्याखेरीज मिस्त्री पाना उचलत नाही.

प्रथम वादी अँबॅसिडरची कैफियत. मॉरिस ऑक्सफर्डच्या साच्यावरून उत्तरपाड्यास घडलेली, १४८९ सी.सी.ची, सुमारे पन्नास अश्वशक्तीची आणि वजनाने टनाहून अधिक अशी ही गाडी; तिच्यात माणसे किती मावतात हा आकडा कंपनीच्या पुस्तकावर नव्हे, तर जोतिबाला निघालेल्या कुटुंबाच्या आकारावर अवलंबून असतो, असे अण्णा शपथेवर सांगतात. ऐकणारा अँबॅसिडरचा मालक असून खुशीत चहा सांगू लागला, की अण्णा तत्काळ प्रतिवादीचे वकीलपत्र घेतात: वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्यास बनवलेली फियाट केवळ १०८९ सी.सी.ची आणि चाळीसएक अश्वशक्तीची खरी, परंतु वजनात दोनशे किलोंनी हलकी; महाद्वार रोडच्या गर्दीतून ती अंग चोरून निघते, तेथे वादीला हमरस्त्याची वहिवाट लागते! मग पेन्सिल निघते, चिवड्याच्या कागदावर भागाकार होतो, आणि दर टनी अश्वशक्ती दोघींच्या वाट्याला जवळजवळ सारखीच आल्याचे पाहून अण्णांच्या मुद्रेवर जे समाधान पसरते, ते पेन्शनच्या दिवशीही दिसत नाही.

या मनुष्याला निकाल नकोच असतो, असे माझे स्पष्ट मत आहे. एका कॉलेजकुमाराने मोबाइलवरून दोन्ही गाड्यांचा कमाल वेग वाचून दाखवताच अण्णा शांतपणे उद्गारले, "ही नक्कल झाली. अस्सल दस्तऐवज रुजू कर, बाळ." आंबा घाटात कोणाचे पाणी आधी उकळते, हा मुद्दा तर साक्षीदारांच्या परस्परविरोधी जबान्यांमुळे वर्षानुवर्षे तहकूब आहे.

दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक दसरा चौकात येते, तेव्हा अण्णा टोपी सावरून अदबीने उभे राहतात. तिच्या इंजिनाविषयी कोणी छेडले, तर संस्थानी वाहन आपल्या अधिकारक्षेत्राबाहेर असल्याचा ते निर्वाळा देतात.

नव्या शतकाच्या उंबरठ्यावर, पद्मिनी हे नाव धारण केलेली फियाट बंद झाली, आणि २०१४ साली अँबॅसिडरही. दोन्ही पक्षकार मयत झाल्यावर खटला काढून टाकावा, असे मिस्त्रीने सुचवून पाहिले. अण्णांनी वारसांना नोटिसा काढल्या. त्यातच १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरातच बसू लागले असल्यामुळे अपिलासाठी आता कोणालाही मुंबईची गाडी धरावी लागणार नाही.