ताशी पाचशे, अटी लागू

जगातली सर्वांत वेगवान गाडी कोणती, हे जाणून घ्यायचं असेल तर मेकॅनिक गाठू नका, वकील गाठा. ही शर्यत रस्त्यावर होतच नाही, व्याख्येत होते. गाडी ‘उत्पादित’ हवी, म्हणजे पैसे टाकून कुणालाही विकत मिळणारी. (पैसे कुठून आणायचे हा आपला खासगी प्रश्न.) तिने एका रस्त्याने जाऊन तासाभरात त्याच रस्त्याने परत यावं आणि दोन फेऱ्यांची सरासरी धरावी, नाहीतर पाठीवरचा वारा आणि रस्त्याचा उतार हे दोघे फुकट इंजिनाच्या नावावर जमा होतात. नियम इतका सरळ आहे, की त्याला वळसा घालण्यातच सगळ्यांची हुशारी खर्ची पडते.

२०१० साली बुगाटीची वेरॉन सुपर स्पोर्ट जर्मनीत एरा-लेसिनच्या ट्रॅकवर ताशी ४३१.०७२ किलोमीटरने धावली. दोन्ही दिशांनी, रीतसर. मग टायरच्या काळजीपोटी कंपनीने गिऱ्हाइकांच्या गाड्यांना ४१५ वर लगाम घातला. पहिल्या पाच तेवढ्या मोकळ्या सोडल्या. गिनीजवाल्यांना याचा साक्षात्कार २०१३ साली झाला आणि त्यांनी विक्रम काढून घेतला. काही दिवसांतच परतही दिला. का, तर लगामामुळे गाडीचा मूळ आराखडा बदलत नाही! या न्यायाने कॉलेजात असताना माझं जे वजन होतं तेच आजही आहे. आराखडा तोच, मधल्या काळात थोडे फेरफार झाले इतकंच.

पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या हेनेसी कंपनीने व्हेनम जीटी घेऊन फ्लोरिडा गाठलं. केनेडी अवकाश केंद्रात जिथे स्पेस शटल उतरायची, त्या धावपट्टीवर ४३५.३१ चा आकडा लागला. बुगाटी हरली? छे. परतीची फेरी मारायला परवानगी नव्हती, म्हणून विक्रम एकेरी. शिवाय गिनीजला किमान तीस गाड्या हव्या होत्या आणि हेनेसी बांधणार होती एकोणतीस. चंद्रावर माणूस उतरवणाऱ्या संस्थेच्या अंगणात एक गाडी कमी पडली.

पण या साऱ्यांचा मुकुटमणी म्हणजे एसएससी टुआटारा. ऑक्टोबर २०२०, नेवाडातला बंद केलेला सरकारी हायवे. कंपनीने जाहीर केलं: दोन्ही दिशांची सरासरी ५०८.७३, आणि एका फेरीत तर ५३२.९३! जगभर जल्लोष झाला. मग तीन यूट्यूबर व्हिडिओ घेऊन बसले. त्यांनी फार काही केलं नाही. रस्त्यावरच्या दोन खुणा धरल्या, त्यांच्यातलं अंतर काढलं, गाडीला लागलेल्या सेकंदांनी भागलं. अंतर भागिले वेळ, बस्स. शिवाय तीनच वर्षांपूर्वी याच रस्त्यावर स्वीडनच्या कोनिगसेगची आगेरा आरएस ४४७.१९ ने धावली होती, तिचा व्हिडिओ शेजारी लावून बघता येत होता. पडद्यावरचा आकडा पाचशेच्या पुढे आणि गाडी मात्र त्याच्या बरीच मागे! कंपनी आधी म्हणाली, व्हिडिओच्या जोडकामात घोळ झाला. ज्यांची मोजणी यंत्रं वापरली त्या कंपनीने सांगून टाकलं, की आम्ही कसलाही आकडा प्रमाणित केलेला नाही. अखेर २०२१ च्या जुलैमध्ये कबुली आली: ताशी तीनशे मैल, म्हणजे सुमारे ४८३ किलोमीटर, तेव्हा गाठलेच नव्हते.

तोवर जानेवारीत फेरपरीक्षा होऊन गेली होती. स्थळ फ्लोरिडाची तीच धावपट्टी, जिथून हेनेसीला परत फिरता आलं नव्हतं. चालवायला बसला खुद्द गाडीचा मालक, पेशाने दंतवैद्य. कवळी ओळखणारा माणूस असला की आकडाही अस्सल निघतो. दोन्ही दिशांची सरासरी ४५५.३.

बुगाटीने तर याहून साधा मार्ग शोधला होता. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरॉनने एरा-लेसिनला ४९०.४८४ गाठले, एकाच दिशेने. गाडी विक्रीच्या आधीची, प्रायोगिक. आणि लगेच घोषणा: आम्ही आता या स्पर्धेतून निवृत्त होत आहोत. परतीची फेरी न मारता थेट संन्यास! पुढे ज्या तीस गाड्या विकल्या, त्यांना ४४० ला लगाम.

मग २०२५ च्या सप्टेंबरमध्ये बीवायडीची विजेवर चालणारी यांगवांग यू९ एक्स्ट्रीम पापेनबुर्गला ४९६.२२ ने निघून गेली. तीही एकाच दिशेने, आणि बांधायच्या जास्तीत जास्त तीस. गंमत बघा, शिरॉनसाठी सहा वर्षं कट्ट्यावर घसा फोडणाऱ्या मंडळींना त्याच संध्याकाळी दोन दिशांचा नियम आठवला. यातले बहुतेक समृद्धीवर १२० ची मर्यादा पाळतात, तीही कॅमेरा दिसला तर.

माझा निकाल ऐका. जाऊन-येऊन हिशेब धरला तर दंतवैद्याचा ४५५.३ हाच आकडा आज उभा आहे. बाकी विक्रमवीरांना एकच विनंती: एवढ्या वेगाने गेलाच आहात, तर आता परतही या.