कोकणातून पुण्यात आलेल्यांसाठी खानपानाचे नियम

सदर नियम सिंधुदुर्गातून पुण्यात स्थायिक झालेल्या समस्त मंडळींसाठी आहेत. लिहिताना डोळ्यांपुढे आमचे वेंगुर्ल्याचे साडू होते, हे लपवण्यात अर्थ नाही.

नियम पहिला : कोकणात होतो त्याहून जास्त कोकणी पुण्यात व्हावे. वेंगुर्ल्यात घरची म्हातारी माणसं पेज प्यायची आणि साडू पाव-बटर खायचे. कोथरूडला आल्यापासून उकड्या तांदळाची पेज रोज सकाळी, शक्यतो पाहुण्यांसमोर.

नियम दुसरा : गोड्या पाण्यातल्या माशाला मासा म्हणू नये. उजनीची चिलापी खायला लोक मुद्दाम भिगवणपर्यंत गाडी काढतात. साडूंना नेलं, तर ताटाकडे बघून म्हणाले, "हेका मासो म्हणतत?" रस्सा मात्र दोनदा मागून घेतला.

मासळी घ्यायला गणेश पेठेत जावे. कल्ले लाल हवेत, डोळा फुगीर हवा, बोटाने दाबलेला खड्डा लगेच भरून आला पाहिजे. सुरमई बर्फात तग धरते. बांगडा लवकर उतरतो, त्याचा मोह आवरावा. आवरला नाहीच, तर सारात तिरफळं घालताना बिया काढून सालं नुसती ठेचावीत, वाटणात वाटू नयेत. एवढं एक साडूंकडून शिकण्यासारखं आहे. बाकी ते प्रत्येक मासा उलटापालटा करून होडी कुठली म्हणून विचारतात, तेव्हा आपण शेजारच्या गाळ्याकडे बघत राहावे.

1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी. गावी हे दोन महिने सुकटीवर मुकाट निघतात; पुण्यात त्यावर भाषण करावे लागते. सुका बांगडा भाजताना खिडक्या उघडू नयेत. बंदही ठेवू नयेत. सोसायटीच्या फळ्यावर सूचना लागायची ती लागतेच.

रात्रीच्या बसच्या ड्रायव्हरशी कधीही भांडू नये. गावाहून येणारं पार्सल त्याच्याच हातून येतं.

नारळाचं प्रकरण नाजूक आहे. परसातला नारळ कोणी मोजत नाही, विकतचा मोजला जातो. मग वाटण दर महिन्याला थोडं पातळ होतं आणि एक दिवस आमटीत शेंगदाण्याचं कूट सापडतं. कोणी घातलं, याची चौकशी करू नये. आमच्या मेव्हणीने ती होऊ दिलेली नाही. आता साडू कूट नसलं तर मीठ कमी आहे असं म्हणतात.

शेवटचा नियम मे महिन्याचा. गावी घरोघर तांदळाची भाकरी, आणि साडूंना रात्री ज्वारीची लागते. तेव्हा पाच किलो पीठ कपड्यांच्या बॅगेत तळाशी भरावे, आणि आईने विचारलंच तर डॉक्टरांचं नाव सांगावे.