लोड देणारे आणि घेणारे

मराठीत लोड पूर्वापार आहे. पांढरा अभ्रा, पोटात कापूस, बैठकीत वडीलधाऱ्यांच्या पाठीशी. त्यामुळे परवा एका साखरपुड्यात घोटाळा झाला. पंगतीची वेळ झाली तरी आचाऱ्याचा पत्ता नाही, वधूपिता घामाघूम आणि ज्याने आचारी ठरवला तो भाचा गार. म्हणाला, ‘‘मामा, लोड घेऊ नका!’’ मामांनी मुकाट्याने पाठीमागचा लोड काढून त्याच्या हातात दिला.

पोरांचा लोड वेगळा, विलायती. तो आला कुठून? आमचा संशय विजेच्या तारांवर आहे. पुरावा मागू नका. 6 जून 2005 ला वीज मंडळाच्या वाटण्या होऊन कंपन्या झाल्या, आणि त्याच सुमारास गावोगावी अंधाराचं वेळापत्रक लागलं. सरकारी पत्रकात त्याला ‘भारनियमन’ म्हणत, गल्लीत ‘लोडशेडिंग’. मेणबत्तीपुढे पाढे घोकणारी पोरं तेव्हाच शिकली असणार की लोड कुणाचाही असो, अंधार आपल्याच घरात होतो. वीजबिलावर निदान ‘मंजूर भार’ असा रकाना असतो. माणसाच्या आधार कार्डावर तेवढीही सोय नाही.

आमच्या पिढीला टेन्शन असायचं. ते बापडं आपोआप यायचं, पावसासारखं. लोड मात्र ‘घ्यावा’ लागतो. व्याकरणातली ही चलाखी पाहा: घेतला म्हणजे चूक घेणाऱ्याची. देणारा केव्हाच कल्टी मारून मोकळा! त्यामुळे हा शब्द साहेबलोकांना न आवडता तरच नवल. शुक्रवारी संध्याकाळी सहाला काम टेबलावर टाकायचं आणि जाता जाता म्हणायचं, ‘‘लोड घेऊ नकोस, सोमवारी सकाळी दिलंस तरी चालेल.’’

लोडाचं खरं गोदाम पाहायचं तर पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत जावं. एमपीएससीची मुख्य परीक्षा 2023 पासून वर्णनात्मक होणार, असं जाहीर झालं. पोरं रस्त्यावर उतरली, तेव्हा तो बदल 2025 वर गेला. मग 2024 मध्ये 25 ऑगस्टला राज्यसेवेची पूर्वपरीक्षा आणि बँकेची परीक्षा एकाच दिवशी आली. पुन्हा आंदोलन, पुन्हा तारीख पुढे. तारीख पुढे गेली की अभ्यास थांबत नाही, मेसचं बिल थांबत नाही आणि गावाकडून येणारा ‘निकाल कधी?’ हा फोन तर मुळीच थांबत नाही. वय तेवढं एकेक वर्षाने पुढे सरकतं. चहाच्या टपरीवर एक जण डोकं धरून बसतो. दुसरा त्याच्या पाठीवर थाप मारतो, ‘‘भावा, लोड घेऊ नको.’’ थाप मारणाऱ्याचाही तो चौथा प्रयत्न असतो.

तारीख पुढे गेल्याची बातमी घरमालक काकूंनीही वाचली. त्यांनी खोलीभाडं पाचशेनं वाढवलं आणि प्रेमाने म्हणाल्या, ‘‘लोड नको हं घेऊस, बाळा.’’ हा शब्द त्यांना या पोरांनीच शिकवला होता.