सुटाचं कापड गादीवरच राहू द्या

सिंगापूर, बुधवार रात्र

ती. बाबा आणि सौ. आई यांना सूनबाईचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

हे पत्र बाबा नागपूरच्या गांधीबागेत गादीवर बसून, शेजारच्या दुकानदारांना गोळा करून, चहा मागवून मोठ्यानं वाचणार हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून ते घरगुती न लिहिता छापायला द्यावं तसं लिहिलं आहे. यात कोणी ‘मी’ नाही. तुमचे चिरंजीव आहेत, तुमची नात आहे आणि धरमपेठेतून गांधीबागेत व गांधीबागेतून सिंगापुरात आलेली एक सूनबाई आहे.

विषय एकच, बाबांचा सूट.

चिरंजीवांना फोनवर कळलं, की सिंगापूरला यायचं म्हणून बाबांनी टेरीवूलचं कापड बाजूला काढून ठेवलं आहे. निळाशार रंग, आत पूर्ण अस्तर आणि वर त्याच कापडाचं जाकीट. ‘रोज संध्याकाळी बाहेर फिरवतो म्हणता, मग चार लोकांत बरं दिसायला नको का बाप्पा?’ हा बाबांचा सवाल. सवाल रास्त आहे. पण ते कापड कात्रीखाली जायच्या आत हे पत्र पोचावं एवढीच इच्छा.

नागपूरच्या माणसाला उकाडा म्हणजे काय हे दुसऱ्यानं सांगू नये. 23 मे 2013 रोजी आपल्याकडे पारा 47.9 अंशांवर गेला होता. 2024च्या मे महिन्यात तर एका स्वयंचलित यंत्रानं 56 अंश दाखवले आणि यंत्रच बिघडलं होतं असं हवामान खात्याला सांगावं लागलं. माणसं तापतात ते ठीक, नागपुरात यंत्रालाही ऊन लागतं. या मानानं सिंगापूरचा आजवरचा उच्चांक किती? 37 अंश. तो 1983च्या एप्रिलात नोंदला गेला आणि पुढे चाळीस वर्षांनी, 13 मे 2023ला, पुन्हा तेवढाच भरला. हे वाचून गादीवर हशा पिकेल. सदतीस म्हणजे आपल्याकडे मार्चातली दुपार, तेवढ्यात कोणी कूलरची टाकीही भरत नाही.

तरीही चिरंजीव इथे पहिल्या संध्याकाळी घराबाहेर पडले आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आले, बनियन बदलायला.

गोम पाऱ्यात नाही, ओलाव्यात आहे. मे महिन्यातल्या दुपारी नागपूरची हवा इतकी कोरडी असते, की घाम आला हे कळायच्या आत तो उडून जातो आणि अंगाला गारवा देऊन जातो. शर्टावर उरते फक्त मिठाची पांढरी रेघ. म्हणून तर आपल्याकडे वाळ्याच्या ताट्या आणि कूलर चालतात. सिंगापूर विषुववृत्तापासून जेमतेम सव्वा अंशावर, चारी बाजूंनी समुद्र, आणि आर्द्रतेची वर्षाची सरासरी 80 टक्क्यांच्या वर. इथे घाम येतो आणि मुक्कामाला राहतो. हवेतच पाणी भरलेलं असल्यामुळे त्याला उडून जायला जागा नसते. बारा महिने सातच्या आसपास सूर्य मावळतो, पण रात्री पारा चोवीस-पंचवीसच्या खाली फारसा उतरत नाही. गांधीबागेत कापडाच्या एवढ्या दुकानांच्या मधोमध चौक आहे तो मात्र नंगा पुतळ्याचा. इथल्या संध्याकाळी सातच्या हवेत उभं राहिलं, की त्या पुतळ्याची बाजू पटायला लागते.

बाबा, तुमचा धंदा कापडाचा, म्हणून ओलाव्याची एक गोष्ट मुद्दाम तुमच्यासाठी. जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली ती 1 जानेवारी 1877 रोजी, दिल्लीत व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं त्याच दिवशी. कापूस भोवताली भरपूर होता, पण कोरड्या हवेत सुताचा धागा ठिसूळ होतो आणि मागावर तुटत राहतो. म्हणून टाटांनी गिरणीत हवा दमट ठेवणारी यंत्रं बसवली. ती देशातली पहिली मानली जातात. म्हणजे नागपुरात दमटपणा पैसे मोजून आणावा लागला. इथे लोक पैसे मोजून तो घराबाहेर काढतात. प्रत्येक कपाटात ओल शोषणारे दाणे भरलेला डबा ठेवलेला असतो. आठवड्या-दोन आठवड्यांनी उघडून पाहावं तर तळाशी चांगलं वाटीभर पाणी. सूनबाईच्या घरातही असे डबे आहेत आणि तुमची नात त्यातलं पाणी मोजून वहीत लिहून ठेवते, विज्ञानाचा प्रकल्प म्हणून.

आता सूट. चिरंजीव नवीन होते तेव्हा ऑफिसच्या जेवणाचं आमंत्रण आलं. खाली पोशाखाबद्दल दोनच शब्द, ‘स्मार्ट कॅज्युअल’. याचा नेमका अर्थ जगात कोणालाच माहीत नाही आणि विचारण्याची कोणाची हिंमत नाही. चिरंजीवांनी लग्नातला ब्लेझर काढला. घर ते मेट्रोचं स्टेशन एवढ्या वाटेत शर्ट पाठीला चिकटला, गाडीतल्या एसीनं तो तिथल्या तिथे थंड पडला आणि उतरल्यावर पुन्हा भिजला. जेवण एका इमारतीच्या गच्चीवर, उघड्यावर. साहेब आले ते पानाफुलांच्या छापाचा लांब बाह्यांचा शर्ट घालून, तोही पँटच्या बाहेर सोडलेला, आणि खुशाल हसत होते. ब्लेझर घातलेला माणूस एकच होता. वेटर दोनदा त्याच्याकडे व्यवस्थापक समजून तक्रार घेऊन आला.

साहेबांचा तो शर्ट म्हणजे बाटिक. मेणानं नक्षी झाकायची, रंगात बुडवायचं, मेण काढायचं, पुन्हा दुसऱ्या रंगासाठी झाकायचं, असं ते काम. ते आपल्याकडच्या सैल बुशशर्टासारखं घरगुती वाटतं, पण या भागात त्याला कोटाचा मान आहे. जकार्ताचे गव्हर्नर अली सादिकिन यांनी 1970च्या दशकात लांब बाह्यांचं बाटिक समारंभाला चालेल असं ठरवलं आणि कोट-टाय बाजूला पडले. 1994मध्ये इंडोनेशियात बोगोरला मोठमोठ्या देशांचे प्रमुख जमले, तेव्हा अमेरिकेच्या क्लिंटनसाहेबांसकट सगळ्यांनी फोटोसाठी बाटिकचे शर्ट घातले. 2009मध्ये युनेस्कोनं या कलेला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. फिलिपिन्समध्ये तर अननसाच्या पानांच्या तंतूंचं, आरपार दिसेल इतकं तलम कापड विणतात आणि त्याचा ‘बारोंग’ घालतात. तोही बाहेर सोडलेलाच. 1953मध्ये रामोन मॅगसेसे यांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ बारोंग घालूनच घेतली. होय, ज्यांच्या नावाचा पुरस्कार आपल्याकडे विनोबांना मिळाला तेच मॅगसेसे.

सांगायचं असं, की उष्ण देशांतल्या लोकांनी कोट कधीच निकालात काढला आहे. सूट घालून फिरतो तो पाहुणा. कोटाची खरी अडचण गोऱ्या साहेबालाही कळली होती. तांबड्या समुद्रातून बोट जायला लागली, की रात्रीच्या जेवणाला अधिकारी कोट काढून ठेवायचे आणि नुसत्या पांढऱ्या सदऱ्यावर कमरेला पट्टा बांधून टेबलावर बसायचे. इंग्रजांना जे जमलं ते गांधीबागेला जमू नये?

सिंगापूरच्या सत्ताधारी पक्षाचे लोक मात्र पांढरा शर्ट आणि पांढरी पँट घालतात. पहिल्यांदा टीव्हीवर पाहिलं तेव्हा चिरंजीवांना वाटलं, नागपूरला हिवाळी अधिवेशन भरलं आहे.

कापडाच्या बाबतीत तुमच्यापुढे सूनबाईनं तोंड उघडणं म्हणजे आगाऊपणा. तरी शेजाऱ्यांसाठी हिशेब मांडते. शंभर ग्रॅम सुती धागा हवेतली सात-आठ ग्रॅम ओल सहज धरतो, पॉलिएस्टर अर्धा ग्रॅमही धरत नाही. म्हणून टेरीकॉट-टेरीवूलमधल्या पॉलिएस्टरात घाम मुरत नाही, अंगावरून ओघळतो. पण सुती म्हणून जाडजूड खादी किंवा मांजरपाट आणाल तर ते ओल पितं आणि मग वाळत नाही. पातळ मलमल उत्तम. लिनन त्याहून बरं, लवकर सुकतं. चुरगळतं खरं, पण इथे चुरगळलेल्या लिननला कोणी नावं ठेवत नाही. खळ घालून कडक इस्त्री केलेला झब्बा दारातून निघताना कागदासारखा असतो आणि रस्त्यात पोळीसारखा होतो. राखाडी आणि आकाशी रंग आणूच नका, त्यावर घामाचे डाग लांबूनही दिसतात. पांढरा, गडद निळा किंवा छापील चालेल.

आता दुसरी अर्धी गोष्ट. ती कोणी सांगत नाही म्हणून पाहुणे आजारी पडतात. सिंगापूर बाहेरून भिजवतं आणि आतून गोठवतं. ली क्वान यू 1959मध्ये पंतप्रधान झाले तेव्हा त्यांनी आधी सरकारी कचेऱ्यांत एसी बसवले. 1999मध्ये, सरत्या सहस्रकातला मोठा शोध कोणता असं विचारल्यावर त्यांनी दिलेलं उत्तरही एसी हेच होतं. त्यांच्या माघारी जनतेनं ही श्रद्धा सोडलेली नाही. सरकार 25 अंशांवर ठेवा असं सांगतं आणि सिनेमागृहं ते ऐकून सोडून देतात. ‘गार्डन्स बाय द बे’मध्ये काचेचे दोन मोठे घुमट आहेत, आत थंड प्रदेशातली फुलं आणि झाडं. तिथे बाहेरच्या दमट हवेतून आत शिरलं, की आईंचा गुडघा लगेच बोलेल. म्हणून संध्याकाळच्या पिशवीत एक पातळ शाल हवीच. पश्मिना नको. आपली साधी सुती ओढणी किंवा स्टोल पुरे.

आईंनी विचारलं होतं, पैठणी आणू का? नको. जर या हवेत काळी पडते आणि रेशमाला बुरशीचा वास धरतो. त्यापेक्षा तुमची ती मोहाडीहून घेतलेली करवतकाठी आणा. टसर थोडं खरखरीत, पण त्यात हवा खेळते. आपल्या भंडारा-गडचिरोलीच्या ऐनाच्या झाडांवरचं ते रेशीम इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत उठून दिसेल. पुण्या-मुंबईच्या बायका ‘कुठली हो?’ म्हणून काठ चाचपून पाहतील, हे सूनबाई लिहून देते. परत जाताना ती मलमलच्या फडक्यात गुंडाळून न्यायची. संक्रांतीचं हळदीकुंकूही इथे होतं आणि थंडी नसताना सगळ्या काळ्या साड्याच नेसतात. पण हॉलमधल्या एसीमुळे तो रिवाज अगदी शास्त्रोक्त ठरतो.

पायांबद्दल थोडक्यात. कोल्हापुरी नको, एका सरीत तिचा निकाल लागतो. चपला घालून काही हॉटेलांत पुरुषांना आत घेत नाहीत, तेव्हा मागे पट्टा असलेली सँडल किंवा कापडी बूट आणा. डेंग्यूचे डास मावळतीच्या सुमारास जोरात असतात, म्हणून सैल आणि लांब बाह्या. छत्री आणू नका. इथे पाऊस कुठल्याही महिन्यात येतो आणि छत्र्या कुठल्याही दुकानात मिळतात.

संध्याकाळचा कार्यक्रमही ठरला आहे. सेरंगून रोडवर 1947 सालापासून चालू असलेल्या ‘कोमला विलास’मध्ये डोसा. मग 1887च्या रॅफल्स हॉटेलच्या लाँग बारमध्ये डोकावणं. दारू प्यायची नाही, पाहायचं एवढंच, की रस्त्यावर कागद टाकला तर दंड करणाऱ्या या शहरात तिथे मात्र भुईमुगाची टरफलं सर्रास जमिनीवर टाकतात. आणि बाबांसाठी खास अरब स्ट्रीट. सुलतान मशिदीच्या अंगाची ती कापडाची पेठ. तागे दाराबाहेर उभे, मालक आत गल्ल्यावर. या मुलखाला आपल्याकडचं कापड फार जुन्या काळापासून ओळखीचं. पाटणची पटोळी इंडोनेशियात देवघरातल्या वस्तूसारखी जपत आणि मद्रासजवळच्या पुलिकतहून आलेल्या चौकटीच्या सुती कापडाच्या लुंग्या मलय लोकांनी आपल्याशा केल्या. तिथे बाबांनी भाव करायचा. चिरंजीव करायला गेले तर दुकानदार त्यांच्याकडे पाहून किंमत वाढवतो.

तर सुटाचं कापड पुन्हा घडी घालून फळीवर. त्याऐवजी पांढऱ्या मलमलचा आणि छापील सुतीचा प्रत्येकी एक ताग्यातला तुकडा काढावा. पन्हा 44 इंची असला तर पूर्ण बाह्यांच्या शर्टाला सव्वादोन मीटर पुरतात. मलमल आटते, म्हणून आधी पाण्यातून काढून मगच शिंप्याकडे द्यायची. खाली सरळ कापलेला घेर ठेवायला सांगा, म्हणजे बाहेर सोडता येईल. तेवढेच दोन चिरंजीवांच्या मापाचेही शिवून आणा. पैसे ते रोख देतील, घरचं गिऱ्हाईक समजून भाव पाडू नका.

आपली,
सूनबाई