भावोजी ऑन एअर

त्याचं नाव सांगत नाही. तशी त्याला नावं दोन आहेत, एक आधार कार्डावरचं आणि एक एफएमवरचं. पहिल्या नावाने हाक मारली तर हल्ली तो वळूनही बघत नाही. आमच्याच सोसायटीत, बी विंगला तिसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्टमध्ये भेटला की ‘गुड मॉर्निंग’ अशा काही झोकात म्हणतो, की आता गाणं लागणार म्हणून आपण उगाच थांबून राहतो.

आरजेंचं, म्हणजे रेडिओ जॉकींचं, हे पीक आपल्याकडे आलं २००१ नंतर. त्या साली देशात खासगी एफएम सुरू झालं, पुढच्या साली मुंबईत आलं, आणि गॅदरिंगला हातातला माइक न सोडणारी जी पोरं पूर्वी निमूटपणे बँकेत चिकटायची, ती आरजे झाली. त्याआधी रेडिओवर निवेदक असत. निवेदक आधी विचार करी, मग लिही, मग बोले. यातल्या पहिल्या दोन पायऱ्या काळाच्या ओघात गळाल्या. आमचा आरजे गुरू मानतो तो अमीन सयानींना. १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवर गीतमाला सुरू करून त्यांनी अख्खा देश बुधवारी रात्री रेडिओपाशी बसवला. त्यांच्याकडून याने नक्की काय उचललं ते मला सापडलेलं नाही. बहुधा बंधूंच्या आधी भगिनींना नमस्कार करायची पद्धत.

लोकांना वाटतं, आरजे गाणी निवडतो. छे! गाण्यांची यादी वरून ठरून येते, संगणक ती वाजवतो. आरजेच्या वाट्याला येते दोन गाण्यांमधली फट. तिला ‘लिंक’ म्हणतात. तीस-चाळीस सेकंदांत स्टेशनचं नाव, किती वाजले, कुठे ट्रॅफिक तुंबलाय आणि तरीही आपण किती मजेत आहोत, हे सगळं कोंबायचं. त्यात खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगी नाही. म्हणजे जगात काय चाललंय ते सोडून बाकी सगळं बोलायचं, हा जणू सरकारी आदेशच. असा आदेश इतक्या मनापासून पाळणारा दुसरा नागरिक मी पाहिलेला नाही.

त्याला धाक एकाच गोष्टीचा. डेड एअर. बोलणं थांबलं आणि गाणं लागलं नाही, तर मधे जी शांतता पसरते ती. दोन सेकंद झाली तरी याच्या कपाळावर घाम. दहा-बारा वर्षांत हा धाक हाडीमाशी इतका खिळला की घरी कुकर लावला तरी ‘आणि ही आली तिसरी शिट्टी’ असं होतं. सोसायटीतले एक आजोबा वारले, तेव्हा शोकसभेत दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं होतं. चाळीस सेकंद त्याने कशीबशी काढली. मग ‘ओम शांती’ म्हणाला, पण असं, की ब्रेकनंतर पुन्हा भेटू.

२००४ मध्ये टीव्हीवर ‘होम मिनिस्टर’ सुरू झालं, आदेश बांदेकर पैठणी घेऊन घरोघरी गेले आणि महाराष्ट्राचे भावोजी झाले. तेव्हापासून प्रत्येक केबल चॅनेलला आणि प्रत्येक वॉर्डाला आपापला भावोजी हवासा झाला. आमच्या आरजेला आधी मिळाली प्रश्नमंजूषा. तिथे त्याचं फार वाईट झालं. गेम शोमध्ये खरा भाव प्रश्नाला नसतो, प्रश्न आणि उत्तर यांच्या मधल्या शांततेला असतो. अमिताभ बच्चन २००० सालापासून तीच शांतता विकतायत. आमच्या गड्याला ती सोसवेना. स्पर्धक विचारात पडला की हा आधी पर्याय पुन्हा वाचून दाखवी, मग ‘क्रिकेटशी संबंधित आहे बरं का’ म्हणे, आणि तरी तो गप्प राहिला तर उत्तरच सांगून टाकी. बक्षिसांचं बजेट तिसऱ्या आठवड्यात संपलं. लोकप्रिय मात्र खूप झाला.

त्या लोकप्रियतेवरच त्याला वॉर्डातले ‘खेळ पैठणीचा’ मिळू लागले. गणपती, नवरात्र, संक्रांतीचं हळदीकुंकू आणि सर्वांत मोठा सण म्हणजे महापालिकेची निवडणूक. गुडघ्यापर्यंत जरीचा कुर्ता, कानाला माइक, मागे इच्छुक उमेदवाराचा बारा फुटी फोटो. लिंबू-चमचा, फुगे फोडणे, मिनिटात टिकल्या लावणे, उखाणे. दहा हजारांच्या वरच्या बक्षिसावर तीस टक्के कर आधीच कापून घेतात, पण आयोजकांना ती चिंता कधी पडली नाही. का, ते मला आमच्याच मैदानावर कळलं.

त्या दिवशी संगीत खुर्चीत एक सत्तरीच्या आजी होत्या. गाणं थांबल्यावर त्या पहिल्यांदा बसल्या त्या बसल्याच. गुडघे दुखतात म्हणून पुढच्या फेऱ्यांना उठल्याच नाहीत, आणि त्यांना उठवायची छाती कोणाची होईना. जिंकल्या. आमचा भावोजी धावत गेला, ‘कशा आहात आजी?’ म्हणून त्याने हातातला माइक पुढे केला. हा प्रश्न तो दिवसाकाठी शंभरदा विचारतो, उत्तर कुणी दिलं नव्हतं. आजींनी दिलं. माइक काढून घेऊन गुडघा, सून, सकाळी न येणारं पाणी आणि तीन वेळा अर्ज देऊनही न झालेलं गटार, असं क्रमाने दिलं. इच्छुक उमेदवाराने घाईघाईने पैठणी पुढे केली.

आजींनी पदर बोटांत चोळून पाहिला. मग उलटा केला. हातमागाच्या अस्सल पैठणीला मागच्या बाजूने सुटे धागे दिसत नाहीत. इथे मांजराने ओरबाडल्यागत दिसत होते. माइक अजून त्यांच्याच हातात होता.

‘‘अरे भावोजी,’’ त्या म्हणाल्या, ‘‘ही सेमी आहे.’’

कानाला लावलेला माइक चालू होता. भावोजीचं तोंडही उघडं होतं. मी मनात मोजलं, अकरा सेकंद. बाराव्याला डीजेवाल्या पोराला दया आली आणि त्याने गाणं लावलं.