आबांचे थेंब

आइंडहोव्हन, नेदरलँड्स

ती. आईस,

पत्र तुला आहे, पण वाचायचं आबांच्या खुर्चीजवळ बसून आणि मोठ्यानं.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आबांनी हायवेवरची केतकावळ्याच्या बालाजीची पाटी चष्म्याशिवाय वाचली आणि डोळा बरा झाल्याचं स्वतःच जाहीर केलं, असं दादाकडून कळलं. त्याच दिवशी थेंबांच्या बाटल्या देव्हाऱ्यामागे गेल्या, हेही कळलं. वर आबांचा सवाल: धाराऊच्या गावचा माणूस घड्याळ बघून थेंब घालत बसेल काय?

संभाजीराजांना दूध पाजणारी धाराऊ कापूरहोळची, हे कबूल. पण त्या पुण्याईवर आबांचा डोळा सुटत नाही.

खरी गोम पुढंच आहे. गढूळलेलं भिंग काढताना डोळ्यात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होतात. त्यांनी बारीक रक्तवाहिन्या पाझरू लागतात आणि मागच्या पडद्याचा मधला भाग, मॅक्युला, पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतीसारखा फुगतो. अर्व्हाइन यांनी १९५३ मध्ये हा प्रकार नोंदवला, १९६६ मध्ये गॅस यांनी फोटोंतून गळती दाखवली. दोघांचीही नावं त्या आजाराला चिकटली. ही सूज बहुधा चार ते सहा आठवड्यांनी येते. म्हणजे आबांसारखी मंडळी थेंब विसरून पारावर पेपर उलगडतात, तेव्हाच! अक्षरं पुसट होतात, सरळ ओळ वाकडी दिसते आणि बोल लागतो चष्मेवाल्याला.

चिठ्ठीवरचं नेपाफेनॅक त्या द्रव्यांनाच अडवतं. डायक्लोफेनॅक हे त्याचं भावंड. त्याचं मलम आबा गुडघ्याला न सांगता, दोनदा चोळतात. गुडघ्याचा मान डोळ्याला का नाही, हे त्यांनाच विचार.

दुसरी बाटली स्टेरॉइडची. मास्ट्रिख्टच्या डॉक्टरांनी पुढाकार घेतलेला युरोपीय अभ्यास २०१८ मध्ये छापून आला. मधुमेह नसलेल्यांपैकी नुसतं स्टेरॉइड घेणाऱ्या ५.१ टक्के जणांना १२ आठवड्यांत नजर बिघडवणारी सूज आली, नुसतं ब्रोमफेनॅक (नेपाफेनॅकच्याच जातीचं) घेणाऱ्या ३.६ टक्के जणांना, आणि दोन्ही घेणाऱ्या फक्त १.५ टक्के जणांना. मधुमेहात धोका वाढतो. आबांची साखर किती, हे आबा सोडून साऱ्या आळीला ठाऊक आहे.

घालण्याची रीत: एका वेळी एकच थेंब, मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा मिनिटभर दाबायचा. दुसऱ्या बाटलीआधी पाच मिनिटं थांबायचं. बाटलीचं टोक डोळ्याला लागता कामा नये. शेजारच्या काकांची उरलेली बाटली तर मुळीच नको. स्टेरॉइडनं डोळ्यातला दाब वाढू शकतो, म्हणून ते किती दिवस आणि कसं कमी करायचं, हे डॉक्टरच ठरवणार. आबा नाहीत, दादा नाही, मीही नाही.

तेव्हा बाटल्या देव्हाऱ्यामागून काढ आणि मध्ये खंड पडलाय हे आजच डॉक्टरांना फोनवर सांग. नजर धूसर वाटली, तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट बघू नका, लगेच पुणं गाठा.

तुझी,
लेक