सात सेकंदांची चिठ्ठी

माझ्या ओळखीच्या सगळ्या यंत्रांत एकच यंत्र असं आहे, की त्याने मला आजवर काही म्हणजे काही विचारलेलं नाही. मोबाइल नंबर नाही, पासवर्ड नाही, 'आपला अनुभव कसा होता, पाचपैकी किती तारे द्याल' हेसुद्धा नाही. त्याला माझं नाव ठाऊक नाही आणि ते जाणून घ्यायची हौसही नाही. पाच वर्षांनी गाठ पडली तरी 'नवी आवृत्ती आली आहे, आत्ता घेऊ की रात्री घेऊ' असं म्हणत ते मागे लागत नाही. निळं बटण दाबायचं, ते लांबलचक 'टीं' करतं आणि आमचा संबंध संपतो. मतदान यंत्राइतकं अबोल, अलिप्त आणि खानदानी उपकरण माझ्या घरात एकही नाही. ते स्वतःच्या बॅटरीवर चालतं, त्यामुळे वीज गेली तरी त्याच्या चेहऱ्यावर रेघ उमटत नाही. इंटरनेटशी त्याची कोणी ओळखच करून दिलेली नाही. बंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि हैदराबादची ईसीआयएल ही त्याची दोन माहेरं. 1982 साली केरळातल्या परूर मतदारसंघात 50 केंद्रांवर त्याने पहिल्यांदा मतं घेतली, 2004 च्या लोकसभेला ते देशभर पोचलं, आणि 2019 च्या लोकसभेला प्रत्येक यंत्राशेजारी चिठ्ठी दाखवणारी पेटी आली. काचेमागे सात सेकंद आपल्या मताची चिठ्ठी दिसते, मग तुटून खाली पडते. सात सेकंद म्हणजे फार नाही, पण 'होय, कळलं मला' एवढं म्हणायला पुरतात. इतर कुठलं यंत्र आपल्याला तेवढंही म्हणतं?

आणि देशात सगळ्यात जास्त संशय कुणावर, तर याच बिचाऱ्यावर. संशय घेऊ नये असं मी म्हणत नाही. ज्याच्या हाती राज्य सोपवायचं त्याच्याकडे डोळे बारीक करून पाहणं हा मतदाराचा हक्कच आहे. सगळ्याच्या सगळ्या चिठ्ठ्या मोजाव्यात ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने 26 एप्रिल 2024 ला फेटाळली. तरी आमच्या तिठ्यावरच्या चहाच्या टपरीत ते प्रकरण अजून सुनावणीला आहे आणि रोज संध्याकाळी पुढची तारीख पडते. मला गंमत वाटते ती संशयाच्या पत्त्याची. यंत्रावर तावातावाने बोलणाऱ्या गृहस्थांच्या खिशात जो फोन असतो, त्याला हे गृहस्थ पहाटे किती वाजता उठतात, गुडघेदुखीवर कसलं तेल शोधतात आणि जावयाबद्दल त्यांचं खरं मत काय आहे, हे सगळं माहीत असतं. हे त्याला कोणी सांगितलं? यांनीच. 'मी अटी वाचल्या आहेत आणि मला त्या मान्य आहेत' या चौकोनात यांनीच टिचकी मारली. अटी किती पानांच्या होत्या हेही त्यांना माहीत नाही, आणि सात सेकंदांची चिठ्ठी तर कोणी दाखवलीच नाही.

खरं तर रत्नागिरीचा माणूस असा सहजासहजी काही मान्य करणारा नव्हे. तो आंब्याच्या देठाशी नाक नेतो, पेटीतला वरचा थर उचलून खालचा बघतो, कल्ले उचकल्याशिवाय बांगडा घेत नाही. एसटीच्या पाटीवर गावाचं नाव लिहिलेलं असलं तरी कंडक्टरला तोंडी विचारून मगच चढतो. रत्नागिरीच्या हापूसला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं, हल्ली पेटीवर क्यूआर कोडचा चौकोनही दिसतो. गिऱ्हाईक तो स्कॅन करतं, समाधानाने मान हलवतं आणि पुन्हा देठाचा वास घेतं. अशा माणसाने काचेच्या एका पाटीपुढे इतकी निमूट शरणागती पत्करावी, याचं मला कोडं पडतं. बहुतेक तिला देठ नसतो म्हणून असेल.

माझी आत्या राजापूर तालुक्यात राहते. घर उताराला, खाडीच्या अंगाला. तिच्या घरात मोबाइलची रेंज फक्त तुळशीवृंदावनापाशी येते, तीही दोन दांड्या. वाडीतल्या मुलांना काही नीट पाहायचं असेल तर ती सड्यावर जातात. संध्याकाळी वर चढून गेलं की कातळावर ठिकठिकाणी माणसं उभी दिसतात. कोणी पूर्वेला तोंड करून, कोणी पश्चिमेला, हात उंचावलेले, चेहऱ्यावर निळसर उजेड. लांबून बघणाऱ्याला एखाद्या नव्या पंथाची सायंप्रार्थना चालली आहे असंच वाटावं. याच सड्यांवर काही हजार वर्षांपूर्वीही माणसं येत असत. त्यांनी कातळात चित्रं कोरून ठेवली. कशेळीचा हत्ती सुमारे 18 मीटर लांब आहे आणि त्याच्या अंगात मासे, जनावरं, पाखरं असा सगळा मुलूख भरलेला आहे. कोणी कोरला, कोणाला दाखवायला कोरला, काही लिहून ठेवलेलं नाही. कोणाची दाद येते आहे का, हे बघायला ती माणसं थांबलीही नसावीत. 2022 साली युनेस्कोने कोकणातल्या कातळशिल्पांना आपल्या संभाव्य यादीत घेतलं. दाद आली, फक्त जरा उशिरा. एक मात्र कबूल करायला हवं, की जमिनीवर उभं राहून तो हत्ती पुरता डोळ्यांत मावत नाही. तो अखंड बघायचा तर वरून, ड्रोनच्या डोळ्यानेच बघावा लागतो, आणि तिथे मी यंत्रांविषयीची माझी कुरकुर जरा वेळ गिळून टाकतो. मात्र त्या हत्तीपासून चार पावलांवर एक मुलगा मोबाइलवर रील बघत बसला होता. डोकावून पाहिलं, तर तोही हत्तीच बघत होता. केरळातल्या कुठल्याशा उत्सवातला.

2024 च्या लोकसभेचं मतदान आमच्याकडे 7 मे रोजी होतं. ऐन हापूसचे दिवस. चाकरमानी आलेले, बागांत आंबे उतरवणं चाललेलं, आणि रस्त्याने डोक्यावर भोंगे बांधलेल्या रिक्षा फिरताहेत. कुठल्याही पक्षाचं गाणं घ्या, चाल ओळखीची निघते; नुसती नावं बदललेली असतात. त्या दिवसांत आत्याच्या फोनवर ध्वनिमुद्रित आवाज येऊ लागले. 'नमस्कार, मी आपला...' असं कोणीतरी घनगंभीर बोलू लागायचं. तुळशीपाशी उभी राहून आत्या शांतपणे 'बोल रे' म्हणायची आणि शेवटपर्यंत ऐकायची. मध्ये मध्ये 'हो का', 'बरं बरं' असे हुंकारही द्यायची. विकासाचा मुद्दा आला की म्हणायची, "साकवाचं तेवढं बघ हो." मी म्हटलं, "आत्या, ती टेप आहे गं. त्याला ऐकू येत नाही."

"असू दे. माणूस बोलत असताना मध्येच फोन ठेवू नये."

"अगं, पण माणूस नाहीये तिथे."

"टेप झाली म्हणून काय झालं? एकदा तरी तो जिवंतपणी बोललाच असेल ना ते सगळं? मग ऐकायला नको?"

यावर मला उत्तर होतं, पण मी ते दिलं नाही. माणसाने कधीही न उच्चारलेली वाक्यं त्याच्याच आवाजात बनवता येतात, हे तिला सांगायचं माझ्या जिवावर आलं. तिचा सगळा शिष्टाचार या एका समजुतीवर उभा आहे, की आवाज आला म्हणजे पलीकडे कोणीतरी आहे.

टीव्हीशीही तिचं असंच. मुलाने पुण्याहून येऊन घरात फायबरची तार आणली आणि मोठा टीव्ही लावून दिला. आता ती दुपारभर मालिका बघते. एकामागून एक भाग आपोआप सुरू होतात आणि बराच वेळ रिमोटला हात लागला नाही की पडदा विचारतो, 'तुम्ही अजून पाहत आहात का?' मला या प्रश्नाचा राग येतो. विचारणाऱ्याला माझ्या डोळ्यांची काळजी नसते, पुढचा भाग फुकट तर जात नाही ना, एवढीच चौकशी असते. आत्या मात्र हातातली फुलवात खाली ठेवून म्हणते, "बघत्ये रे बघत्ये." मग माझ्याकडे वळून, "चौकशी तरी करतो बिचारा." त्या 'तरी'पाशी पुण्याचा मुलगा, मी आणि आणखी बरेच जण एका ओळीत उभे आहोत, हे मला कळतं, आणि मी चहाचे कप विसळायला उठतो.

करमणुकीला पूर्वी अशी चौकशी करायची गरज पडत नसे. शिमग्यात नमन रात्रभर चालायचं. आधी गण, मग गौळण, मग काळ्या वेषातला उंच टोपीचा संकासूर, आणि वग सुरू होईपर्यंत अर्धं गाव कांबळं ओढून गाढ झोपलेलं. पण झोपलेल्याला कोणी गैरहजर धरत नसे. खेळ्यांनाही त्याचं काही वाटायचं नाही. संकासूर आला की आई पोराला हलवून उठवायची, तेवढीच त्या रात्रीची नोटिफिकेशन. 'प्रस्तावना वगळा' असं बटण कुठे नव्हतं. गण वगळून गौळण मागणाऱ्याला वडीलधाऱ्यांनी नजरेनेच खाली बसवलं असतं. आता नमनं यूट्यूबवर आहेत आणि आत्याचा नातू ती दीडपट वेगाने बघतो. दीडपट वेगाचा संकासूर मी पाहिला आहे. त्याला कोणी घाबरेल असं वाटत नाही. त्यालाच गाडी पकडायची आहेसं दिसतं.

आत्या निवडणुकाही त्या नमनाच्या हिशेबानेच मोजते. तिला मत मिळण्याआधी, 1952 आणि 1957 साली, मतपत्रिकेवर शिक्का मारायची भानगड नव्हती. दर उमेदवाराची पेटीच वेगळी, तिच्यावर त्याचं चिन्ह चिकटवलेलं, आणि आपला कागद आपल्या पेटीत टाकून यायचं. 1957 ला राजापूर मतदारसंघातून बॅरिस्टर नाथ पै निवडून आले. त्यांची भाषणं ऐकायला माणसं गॅसबत्त्यांच्या उजेडात मैलोन् मैल चालत जायची, असं आत्या सांगते, आणि सांगताना तिचा आवाज अर्धी पट्टी वर चढतो. मला या आठवणीचा मोह पडतो, तसा थोडा संशयही येतो. सभेला गर्दी व्हायची ती वक्तृत्वासाठी, हे खरंच. पण त्या रात्री गावात दुसरं काय होतं? ना सिनेमा, ना टीव्ही. सभा हीच करमणूक होती आणि दोन-दोन तास बोलण्याची मुभा ही वक्त्याला मिळालेली जहागीर होती. आजच्या उमेदवाराला तीस सेकंद मिळतात, तेही मांजराच्या आणि मिसळीच्या व्हिडिओंच्या मध्ये चेपून. त्याने हात हलवत चालण्याखेरीज दुसरं करायचं तरी काय? तेव्हा भाषण लांबायचं म्हणून त्यात विचाराला जागा सापडायची. नाथ पैंनी आणि त्यांच्यानंतर मधु दंडवत्यांनी ती जागा भरली, हा कोकणाचा भाग्ययोग. ती रिकामी ठेवून दोन तास बोलणारेही तेव्हा होतेच. त्यांची आठवण कोणी काढत नाही, एवढंच.

आत्याचं पहिलं मत 1962 चं. बोटाला न पुसणारी शाई लावायची पद्धतही त्याच निवडणुकीपासूनची. म्हणजे ती आणि म्हैसूरची शाई दोघी एकाच वर्षी मतदार झाल्या. तेव्हा कोणाला मत दिलंस, असं मी तिला एकदा विचारलं. "गुप्त असतं रे ते," ती म्हणाली. उमेदवार गेले, पक्ष फुटले, राजापूर हा लोकसभा मतदारसंघच नकाशावरून पुसला गेला. आत्याचं गुपित शाबूत आहे. माझं एकही गुपित फोनपाशी संध्याकाळपर्यंत टिकत नाही.

2024 ला 85 च्या पुढच्या मतदारांना घरूनच मत देण्याची सोय झाली. आत्या 87 ची. तिचा अर्ज मुलाने भरून दिला होता, त्यामुळे 7 तारखेच्या काही दिवस आधी पथक दारात आलं. दोन कर्मचारी, एक पोलीस आणि सगळ्याचं चित्रीकरण करणारा एक मुलगा. आत्या इरकली नेसून सकाळपासून तयार. पुठ्ठ्याचा आडोसा ओटीवर उभा राहिला, तिच्या हातात कागद आला, तिने आत जाऊन खूण केली, लिफाफा बंद झाला. आणि ती थांबून राहिली.

"आजी, झालं," कर्मचारी म्हणाला.

"टीं कुठे वाजलं?"

"याला आवाज नसतो, आजी. कागदाचं मत आहे."

"मग पोचलं हे मला कळायचं कसं?"

त्याने मोठ्या अदबीने समजावलं. लिफाफा कुठे जातो, कोण ठेवतं, कधी उघडतात. आत्याने सगळं ऐकून घेतलं, टेपला देते तसे हुंकार दिले आणि आतून कोकम सरबताचं तबक आणवलं. पथक चपापलं. मतदाराकडे काही घ्यायचं नाही, असं कर्मचारी हात जोडून म्हणाला. मे महिना, भर दुपार. चौघांचे सदरे पाठीला चिकटलेले.

"माझं मत घेऊन चाललायस," आत्या म्हणाली, "आणि माझ्या हातचं पाणी चालत नाही तुला? मत शुद्ध आणि पाणी तेवढं वर्ज्य, असला कसला नियम?"

कर्मचाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. पोलीस आंब्याच्या झाडाकडे पाहू लागला. मग चित्रीकरण करणाऱ्या मुलाने कॅमेरा बंद केला, त्यावर झाकण बसवलं आणि पहिला पेला उचलला.